न मोजलेली मूठ

खाली नका शोधू, वर बघा. कपाटाच्या वर, जुन्या पंख्याच्या खोक्याला टेकून बसलाय तो मीच. मी दुधाचा डबा. घट्ट गोड दूध मिळतं ना, त्याचा. दूध होतं ते तेहतीस वर्षांपूर्वी, त्यानंतर माझ्यात दुधाचा एक थेंब पडलेला नाही, पण आमच्याकडे डब्याला एकदा नाव चिकटलं की जन्मभर सुटत नाही.

खरं सांगायचं तर मी माप आहे. आमच्या देशात गूळ वजनावर घेतात, मासळी वजनावर, इतकंच काय, तेलसुद्धा तागडीत तोलून घेतात. पण तांदूळ म्हटला की दुधाचा डबा. आठ डब्यांची एक प्यी होते आणि सोळा प्यींची एक टोपली. घरातली बाई असो, दुकानदार असो की मठातला आचारी, 'किती तांदूळ टाकू?' या प्रश्नाचं उत्तर डब्यांतच येतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच. वर्षभरात माझ्याकडे कुणी धड बघितलेलं नाही, तेव्हा एवढं चालवून घ्या.

माझं घर इथलं, यांगूनमधलं नाही. मी माऊबिनचा. नदीकाठचं गाव, धक्क्याला दिवसभर बोटी लागायच्या. त्यातल्या एका बोटीचं सुकाणू ऊ म्या हान यांच्या हातात असायचं. त्यांचं नवीन लग्न झालं होतं. बायको, दॉ ओन ची, तापातून उठली होती आणि तिला गोड चहा हवासा वाटला, म्हणून त्यांनी मला विकत आणलं. आठ दिवसांत मी रिकामा झालो. ती मला फेकणार, एवढ्यात त्यांनी माझं झाकण पुरतं कापून काढलं आणि बोटीवरची कानस आणून माझी कड घासायला बसले.

"दोन दिवस झाले, एका डब्यालाच धरून बसलाय," ती म्हणाली. "बोट सोडून आता डबे घासायचा धंदा काढताय का?"

"रोज हात घालणार तू त्यात. बोट कापलं म्हणजे मलाच ऐकवशील."

"डबा मापाचा आहे. हात कशाला घालीन मी?"

पण ती हात घालायची. रोज घालायची. माझी सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे, म्हणून ते आधी नीट सांगतो.

पहाटे उठली की ती मला तांदळाच्या पिंपात बुडवून शिगोशीग भरायची. मग तळहाताच्या कडेने शीग सपाट पाडायची. काही बायका भरताना अंगठा आत ठेवतात, तेवढेच दाणे वाचतात. तिने कधी ठेवला नाही. सपाट झालो की ती दुसरा हात माझ्यात घालायची, एक मूठ तांदूळ उचलायची आणि चुलीशेजारच्या मडक्यात सोडायची. उरलेला मी परातीत रिकामा व्हायचो. पुन्हा भरलो, पुन्हा मूठ, पुन्हा परात. भात घरच्यांसाठी असो की विकायच्या जिनसांसाठी, माझ्यातून मूठ काढल्याशिवाय तिने मला कधी उपडं केलं नाही. पौर्णिमेला आणि अवसेला ते मडकं मठात जायचं. तिथे आईबाप नसलेली वीस-पंचवीस पोरं शिकायला होती.

ती बेइनमों करून विकायची. धक्क्याजवळच्या मोठ्या शिरीषाखाली तिची जागा होती. तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध, वरून खोबऱ्याचे काप आणि खसखस. खाली निखारे, झाकणावरही निखारे. जाड घावनासारखं दिसतं, पण हातात घेतलं तर अगदी हलकं. बोटीतून उतरणारे लोक आधी तिच्याकडे यायचे आणि मग घरी जायचे. दिवसाचं पीठ दोन डब्यांचं. तिसरा डबा तिने कधी घेतला नाही, मागणी असली तरी. "दोन डब्यांचं हाताला कळतं," म्हणायची, "तिसऱ्याचं कळत नाही."

त्यांना एकच मुलगी झाली, नीलार. ती चार वर्षांची असताना एकदा पहाटेच उठून चुलीशी येऊन बसली. आईला ती अमे म्हणायची आणि बापाला अफे.

"अमे, ही मूठ कुणाची?"

"आपली नाही."

"मग कुणाची?"

"ज्याची असेल त्याला पोचेल. तू मोजू नकोस ती. दे हात."

आणि तिने पोरीचा हात धरून माझ्यात घातला. इवलीशी मूठ होती ती. मडक्यापर्यंत पोचेतो अर्धे दाणे जमिनीवर सांडले आणि कोंबडीने टिपले. दॉ ओन ची हसली. मला तो दिवस अजून आठवतो. नीलारला आठवत नाही.

घरात माणसं किती, हे कुणी मला विचारावं. तिघं होती तेव्हा रोज घरच्या भाताला मी तीनदा भरायचो. नीलार सतराव्या वर्षी यांगूनला शिवणाच्या कारखान्यात गेली, तेव्हा दोनदा. म्हातारपणी ऊ म्या हान यांचे डोळे अधू झाले, त्यांनी सुकाणू सोडलं आणि घरीच बसले, आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. मी दीडदा भरू लागलो. अर्धा डबा भरणं मला कधी आवडलं नाही. अर्ध्या डब्यात हात घातला की तळाचा पत्रा लागतो, आणि ती म्हणायची, "कसा पोकळ वाजतोस रे." पण मूठ काढायचीच, अर्ध्यातूनही.

नीलारचा फोन यायचा, दर रविवारी. तिला तिकडे बेइनमों करून बघायचे होते. फोन चुलीजवळ ठेवलेला असायचा, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"अमे, तांदूळ किती?"

"दोन डबे."

"डबे म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांग ना."

"डबे म्हणजे डबे. ग्रॅम माझ्या बापाने तरी पाहिले होते का?"

"इकडच्या दुधाचे डबे वेगळे आहेत गं. बुटके आहेत. माझं पीठ चुकतं."

"मग ये ना एकदा. हाताने दाखवते. फोनवर हात कसा दाखवू?"

"येते. कारखान्यातून सुट्टी मिळाली की येते."

तीन वर्षं ती येते म्हणत राहिली. तिला दोष देऊ नका, खरंच सुट्टी नव्हती. आणि तिच्या आईलाही देऊ नका. दोन डबे, असंच ती दर वेळी सांगत राहिली, कारण तिच्या लेखी ते दोन डबेच होते. मूठ स्वयंपाकातली नव्हतीच. ती आपली नव्हती. जे आपलं नाही ते कृतीत कशाला सांगायचं?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दॉ ओन ची गेली. सकाळी शिरीषाखालून परत आली, छातीत कळ आली म्हणाली, आणि दुपारी गेली. नीलार आली ती मातीलाच. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण घातलं, तेव्हा घरातलं जे देण्यासारखं होतं ते मठाला दिलं. मडकंही गेलं, त्यातल्या तांदळासकट. चांगलंच झालं म्हणा, ज्यांचं होतं त्यांच्याकडे गेलं. पण मडकं उचललं तेव्हा खालची जमीन ओलसर, गोल आणि वेगळ्या रंगाची दिसली, आणि मला वाटलं, माझा एकुलता एक सोबती चालला. एकमेकांशी कधी बोललो नव्हतो आम्ही. पण रोज सकाळी माझ्यातलं थोडंसं त्याच्यात जायचं.

नीलार अफेंना यांगूनला घेऊन आली. मला तिने तिच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं, आईच्या एका नेसत्या लुंगीत गुंडाळून. बोटीवर तिने मला दोनदा उघडून बघितलं. मला वाटलं, आता माझे दिवस पुन्हा येणार.

इथे सहाव्या मजल्यावर तिचं घर. आल्या आल्या तिने एक काटा आणला. काचेचा, ताटलीएवढा, वर हिरवे आकडे दाखवणारा. मग मला पुसलं, शिगोशीग भरलं, सपाट केलं, अगदी आईसारखं. माझी छाती फुगली. दोनदा तिने मला त्या काट्यावर ठेवलेल्या भांड्यात उपडं केलं. आकडा आला पाचशे तीस. तिने तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला.

"झालं, अफे," ती म्हणाली. "आता अमेचं माप कधी हरवायचं नाही."

आणि मला धुऊन तिने चमचे ठेवायला घेतलं. बत्तीस वर्षांचं आयुष्य तिने पाच मिनिटांत उतरवून घेतलं, आणि तेही चुकीचं. वाईट वाटलं, लपवत नाही. काटा खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तो गडी प्रामाणिक आहे, जेवढं ठेवलं तेवढंच सांगतो. पण जे काढून घेतलं जायचं ते त्याच्यावर कुणी ठेवलंच नव्हतं.

ऊ म्या हान यांनी यांगूनला आल्यापासून एकच गोष्ट मागितली होती. त्यांचं मागणं म्हणजे तेही आडून आडून. आमच्याकडची जुनी माणसं अशीच, दुसऱ्याला त्रास होईल या धास्तीने तहान लागली तरी पाणी मागणार नाहीत. ते म्हणाले, "कधी वेळ झालाच तुला, तर तिचे बेइनमों... नाही झाला तरी चालेल." जेवणावरचं त्यांचं मन उडालं होतं. भात चिवडून बाजूला सारायचे.

नीलारने पहिल्यांदा केले, तेव्हा ते दाट झाले. जड, चिकट, मधे कच्चट. अफेंनी दोन घास खाल्ले.

"कसे झालेत?"

"छान झालेत. पोट भरलं माझं."

"अर्धासुद्धा नाही खाल्लात."

"वय झालं गं. छान आहेत."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. पाचशे तीस बरोबरच आहे, आईच्या स्वतःच्या डब्याने मोजलंय. म्हणजे चूक दुसरीकडे कुठेतरी आहे, असं तिने धरलं. माणसाचं एकदा आकड्यावर मन बसलं की तो सोडून सगळ्या जगावर संशय घेतो. तिने गूळ बदलला. नारळ बदलला. कढई बदलली. शेजारच्या दॉ फ्यू येऊन तिला शहाणपण शिकवायच्या.

"पाण्याचा दोष आहे गं. तिकडे नदीचं पाणी, इकडे नळाचं."

"पाणी तर उकळून घेतलं, दॉ फ्यू."

"मग उकळायला नको होतंस."

"मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, उकळ म्हणून."

"तेव्हा मला वाटलं होतं तसं. माणसाचं वाटणं बदलू नये का?"

एकदा नीलारने पीठ पातळ करायला जास्त पाणी घातलं, तर गुळाची चव पळाली. गूळ वाढवला तर करपायला लागलं. ती खुर्चीवर बसून रडली. अफे आतल्या खोलीत होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडली. मी चमच्यांनी भरलेला असा बाजूला उभा होतो. माझ्यातूनच ती मूठ बत्तीस वर्षं निघाली होती, आणि त्या घरात ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

मग माझ्या तळाला गंज धरला. चमच्यांना डाग पडायला लागले, म्हणून तिने त्यांना प्लास्टिकचं भांडं आणलं. मी ओट्याच्या कोपऱ्यात रिकामा उभा राहू लागलो.

सहा महिन्यांनी तिने अफेंना दवाखान्यात नेलं. परत आली तेव्हा तिने फ्रिजवरच्या त्याच कागदावर, पाचशे तीसच्या खाली, अफेंचं वजन लिहिलं. चार किलोने उतरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजार काही नाही, यांना आवडेल ते खायला घाला.

आवडेल ते. तिने तो कागद बराच वेळ बघितला.

गेल्या महिन्यात दॉ ओन चीचं वर्ष झालं. पाच भिक्खूंना जेवायला बोलावलं होतं. अफेंची इच्छा होती की तिच्या नावाने बेइनमोंच वाढावेत. या वेळी ती इच्छा त्यांनी सरळ बोलून दाखवली, म्हणजे किती मनापासून असेल बघा. नीलार आदल्या सकाळी तांदूळ भिजवायला उठली. पिशवीतून काट्यावर ओतले, आकडा जुळेपर्यंत दाणा दाणा टाकला. पाचशे एकतीस झाले तर चिमटीने दोन-चार दाणे काढले. तिची ती काळजी बघून मला तिची कीव आली आणि प्रेमही वाटलं.

अफे दारातच उभे होते, भिंतीला धरून.

"नीलार, तांदूळ घेतलेस का?"

"आत्ताच घेतले ना."

"मला ऐकू नाही आलं."

"ऐकू कसं येईल, अफे? काट्यावर नुसतं ओतायचं असतं."

"तुझी आई घ्यायची ते मला अंथरुणात ऐकू यायचं. आधी खर्र करून डबा भरायचा. मग परातीत पडायचा, मोठ्याने. पण त्याच्या मधे एक बारीक आवाज असायचा. पाऊस थांबता थांबता पत्र्यावर वाजतो तसा. दोन डबे, दोनदा यायचा तो." त्यांनी काट्याच्या दिशेने मान वळवली. "तुझ्याकडे तो मधला आवाज येत नाही."

 मी मनात म्हणालो, बोला, अजून बोला, सोडू नका.

"काय असेल तो आवाज?" नीलारने विचारलं. तिचा हात थांबला होता.

"कुणास ठाऊक. मी कधी उठून बघितलं नाही. डोळे चांगले होते तेव्हा झोपून राहिलो."

"आवाजाने चव बदलते का, अफे?"

तिने खवचटपणे नाही विचारलं. थकली होती. पण ते लगेच मागे सरले.

"नाही, नाही. मी आपलं सहज सांगितलं. तू कर तुझ्या पद्धतीने. छान होतील."

थोड्या वेळाने त्यांनी मला मागून घेतलं. मांडीवर ठेवून माझी कड बोटाने चाचपली. एके ठिकाणी त्यांची कानस तेव्हा घसरली होती, तिथे बारीक खाच आहे. त्या खाचेवर त्यांचं बोट थांबलं. आता हात आत घाला, मी मनात म्हणत होतो. एकदाच आत घाला आणि मूठ मिटा, तुम्हाला आठवेल. त्यांनी हात घातला नाही. तो हात तिचा होता, त्यांचा नव्हे. त्यांनी फक्त तो कापू नये एवढं बघितलं होतं. त्यांनी मला तोंडाजवळ नेऊन वास घेतला आणि परत दिलं.

दुसऱ्या दिवशी भिक्खू जेवले, आशीर्वाद देऊन गेले. बेइनमों जडच झाले होते. एक अफेंच्या तळहातावर ठेवला, तेव्हा त्यांचा हात किंचित खाली गेला. सगळे गेल्यावर ते पहिल्यांदा खरं बोलले.

"तिचा हलका असायचा, पोरी."

"मला माहीत आहे, अफे," नीलार म्हणाली. "कसा, ते नाही माहीत."

त्या संध्याकाळी तिने मला घासलं, फडक्याने कोरडं केलं, आणि आईची वस्तू हरवू नये म्हणून इथे वर ठेवलं. फेकलं नाही, एवढं माझं नशीब. इथे धूळ आहे आणि एक पाल आहे, तीही माझ्याकडे दुर्लक्ष करते. परवाच्या पौर्णिमेलाही खालून काट्याची बारीक पीं ऐकू आली. नीलार पाचशे तीसच मोजते आहे. अफे दोन घास खाऊन छान म्हणत आहेत. कागदावर त्यांच्या वजनाचा दुसरा आकडा आला आहे, आणि तो पहिल्याहून लहान आहे.

माणसं एकमेकांची मापं काढतात, वजनं करतात, हिशेब जुळवतात. त्यात वाईट काही नाही, मीही तेच केलं जन्मभर. पण मला बोलता येत नाही, आणि तुम्हाला येतं. म्हणून हात जोडून एकच मागतो, डब्याला हात असते तर.

कधी या बाजूला आलात, तर सहा जिने चढायचा कंटाळा करू नका. दार वाजवा. नीलार उघडेल, तिच्या बोटांना पीठ लागलेलं असेल. तिला म्हणावं, दोन डबे भर, पण उपडे करण्याआधी प्रत्येकातून एक मूठ काढून ठेव. ती विचारेल, कुणासाठी? तिला सांगा, लहानपणी तू हेच विचारलं होतंस.

मडकं नाही म्हणून अडली, तर माझ्याकडे बोट दाखवा. मी वरच आहे, आणि रिकामा आहे.